शंभरीच्या आजींना अचानक भ्रम झालाय

प्रश्न: आमच्या आजेसासूबाई १०१ वर्षांच्या आहेत. परवापासून भलतंच बडबडतायत, दिवसभर झोपून असतात, ताप मात्र नाही. घरचे म्हणतात वय झालं, आता कशाला डॉक्टर. काय करू?
– एक नातसून, सातारा

उत्तर: ताई, आजच डॉक्टरांना दाखवा. या वयात इन्फेक्शन असलं तरी ताप येईलच असं नाही, अचानक भ्रम हेच लक्षण असू शकतं, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, पोट साफ न होणं, झोपेची गोळी, काहीही निघू शकतं आणि यातलं बरंचसं बरं होतं. चालू गोळ्या सगळ्या पिशवीत घालून सोबत न्या.

तहान नीट कळत नाही, म्हणून त्या मागायची वाट बघू नका, घोट घोट पाणी द्या, पण पूर्ण जाग्या असताना आणि बसवूनच, आडवं असताना चमच्याने ओतलं की ठसका लागून फुफ्फुसात जातं. सतत पडून राहिल्याने जखमा होतात, म्हणून माकडहाड, टाचा रोज बघा, लाल डाग दिसला तर चोळायचं नाही, दर दोनेक तासांनी कूस बदला.

आणि हो, केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन असेल तर शंभरीनंतर मूळ पेन्शनइतकीच जादा रक्कम मिळते, बँकेत जन्मतारीख तपासून घ्या. त्या पैशात रात्रीची बाई ठेवा, तुमचीही झोप व्हायला हवी.