कोळपं वाफशावर तपास

पोरी,

तुझ्या तीन ओळींच्या कोळप्याचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या अवजाराचं, ड्रॉइंग नीट बघितलं, फ्रेम चांगली जमलीय, पण आधी एक सांग, ते सोयाबीन पेरणार कशाने? तीन फणांच्या तिफणीने पेरलं तर एका फेरीतल्या तीन ओळी सरळ समांतर असतात, पण शेजारच्या फेरीशी जोड येतो तिथे बैल जरा सरकला की 45 सेंमीचं अंतर कुठे 38 तर कुठे 52 होतं, आणि तुझं पातं तिथे थेट पिकात जाणार. म्हणून कोळप्याची फेरी पेरणीच्या फेरीवरच बसव आणि कडेची दोन पाती निम्म्या रुंदीची कर. आतली 30 सेंमीची चालतील, दोन्ही बाजूला पिकाजवळ 7-8 सेंमी सुटतात. आणि सरळ पातं नको गं, तण त्यावर गोळा होत जातं, व्ही आकाराच्या पात्यावरून ते मागे सरकतं. खोली 3-4 सेंमी पुरे, त्याच्या खाली गेलीस तर पिकाची मुळं तुटतात आणि खालचं तणाचं बी वर येऊन उगवतं ते वेगळंच.

आता चाचणीचं. यावर मी जास्त बोलणार, कारण बऱ्याच जणांचं काम इथेच कच्चं राहतं. भुसभुशीत रानात कुठलंही यंत्र छान चालतं. काळ्या रानात बघ. ओल जास्त असली की पात्याला चिखल थापला जातो आणि उपटलेलं तण मुळाच्या मातीसकट तिथेच पडून पुन्हा लागतं, कोरडं झालं तर पातं वर उचलतं नाहीतर ढेकळं निघतात आणि रोपं हलतात. वाफसा आल्याच्या, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी झाल्याच्या, दिवशी चालव, मग दोन-तीन दिवसांनी परत चालव, आणि दोन्ही वेळा मातीचा नमुना 105 अंशाला सुकवून ओलावा लिहून ठेव, नाहीतर आकड्याला अर्थच नाही.

तण मोजायला अर्धा मीटरची चौकट टाक, आधी 80 आणि नंतर 16 राहिलं तर 80 टक्के निघालं, एवढं सगळेच करतात. तू आठ दिवसांनी त्याच जागी परत मोज. लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून परत फुटलेला असेल, हराळीचे तुकडे लागलेले असतील, मधे पाऊस झाला तर आणखीच. ओळीतलं तण वेगळं मोज, कारण तिथे तुझं पातं पोचतच नाही आणि खुरप्याची मजुरी तिथेच जाते. मोडलेली रोपंही मोज, लपवू नकोस.

कामाचा वेग सांगताना कागदावरचा देऊ नकोस. 1.35 मीटर रुंदी, ताशी 2.5 किमी म्हणजे तासाला 0.34 हेक्टर येतं खरं, पण वळणं आणि अडकलेला पालापाचोळा काढण्यात गेलेला वेळ घड्याळ लावून त्यात धर.

अजून एक, कोळप्यामागून खुरपायला ज्या बायका येतील त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी दे आणि काम कितीने कमी झालं ते त्यांनाच विचार, त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

पहिली कोळपणी पेरणीनंतर 15-20 दिवसांत येते, तेव्हा मृगाच्या आधी यंत्र तयार पाहिजे. गाडीच्या जुन्या कमानपाट्याची पाती लोहाराकडे आत्ताच टाक, दोन जोड जास्तीचे घे.