नर्सिंगमध्ये पीएचडी करायची आहे? आधी प्रश्न शोधा

ताई, एम.एस्सी. नर्सिंगनंतर पीएचडीचा विचार करताय, फार छान! फक्त विषयाची घाई नको. बरेच जण आधी भारदस्त शीर्षक ठरवतात आणि मग त्यातच अडकतात. पुण्याच्या ससून रुग्णालयासारख्या गर्दीच्या वॉर्डात रोज खटकणारं काहीतरी असतंच: बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), घरी गेल्यावर इन्सुलिन टोचायची रुग्णाला वाटणारी भीती. तिथूनच प्रश्न घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ वर्षं त्या प्रश्नासोबत काढायची आहेत.

सुरुवातीला एवढं सांभाळा:
- गाईड निवडताना त्यांचे शोधनिबंध वाचा. नुसत्या नावावर जाऊ नका.
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही प्रश्नावली भरून घेऊ नका. क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सची भारतातली नोंदवही) नोंदणी हवीच.
- स्टॅटिस्टिशियनला डेटा गोळा करण्याआधी भेटा.

सॉफ्टवेअर वगैरे नंतर शिकाल. ड्यूटीचं मात्र मेट्रनशी आत्ताच बोलून घ्या.