दफनभूमीतलं गवत न कापणं हा मृतांचा अनादर आहे का?

जुन्या दफनभूमीत मूळची झाडंझुडपं टिकतात हे खरं का, आणि खरं असेल तर तिथलं गवत वाढू देणं हा मृतांचा अनादर नाही का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न वर्मी लागला, म्हणून लिहितोय.

टिकतात. मी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहतो. इथे एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर गवताळ रान होतं. १८३७ मध्ये जॉन डीअरने पोलादी नांगर बनवला आणि चिकट काळी माती भराभर शेताखाली गेली. आज त्या रानाचा दहा हजारांत जेमतेम एक भाग धड उरलाय. त्यातला काही लोडा (३.४ एकर) आणि वेस्टन (५ एकर) अशा दफनभूम्यांत आहे, कारण थडग्यांमधून नांगर कोण घालणार?

मी अशाच एका छोट्या दफनभूमीत बिया गोळा करायला जायचो. तिथे कंपास प्लँट या इथल्या रानफुलाचं एक झाड होतं, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. पानं खरखरीत, आणि बहुतेक उत्तर-दक्षिण धरून उभी. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला त्याला कित्येक वर्षं लागतात. एका जुलैमध्ये मोठ्या भावाला मुद्दाम दाखवायला नेलं, तर आदल्याच दिवशी कुणीतरी सगळीकडे मशीन फिरवलेलं. वीतभर खुंट उरला होता, त्यावर डिंक आलेला. मी बोट लावलं तर चिकटलं. दादा म्हणाला, "आता कसं स्वच्छ दिसतंय! इथे माणसं झोपलीयेत, जरा मान राखायला नको?" परतीच्या वाटेवर आम्ही एक शब्द बोललो नाही.

मान! त्या दगडांवर ज्यांची नावं आहेत ती माणसं याच गवतातून वाट काढत आली होती. त्यांच्या उशाशी त्यांच्या ओळखीचं गवत उभं आहे. ते भुईसपाट करण्यात कसला मान? दादा, त्या दिवशी मला हे सुचलं नव्हतं.

तुम्हाला काही करायचं असेल तर ऐन फुलोऱ्यात कापणी थांबवा, एवढं पुरे. बी धरूच दिलं नाही तर नवी रोपं येणार कुठून? मात्र नुसतं सोडून दिलं तर झुडपं माजतात. म्हणून इथे ठरावीक वर्षांनी, जाणकारांच्या देखरेखीखाली गवत जाळतात. आणि हो, जिथे नातेवाईक अजून फुलं ठेवायला येतात तो भाग कापलेलाच ठेवा. त्यावर माझं दादाशी भांडण नाही.