ऋणप्रभारित वस्तूवर जास्त काय असतं?

एका आईंचा प्रश्न आहे. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतप्रभार’ आहे, त्या स्वतः ‘धनभार, ऋणभार’ म्हणत शिकल्या आणि हिंदी व्हिडिओंत ‘आवेश’ ऐकू येतो. तिन्ही एकच का? शिवाय मुलगी विचारते, इलेक्ट्रॉन मिळाले तर वस्तू ‘ऋण’ कशी होते? मिळाल्यावर धन व्हायला नको का?

तिन्ही एकच, इंग्रजीतला ‘चार्ज’. पण मराठीत लिहिताना मी ‘प्रभार’च वापरेन. ‘भार’ या शब्दाकडे आधीच बरीच कामं आहेत. अणुभारातला भार वजनाचा आणि भारनियमनातला भार विजेच्या मागणीचा. तारेवर अतिभार आला म्हणजे तिच्यावर झेपणार नाहीत इतकी उपकरणं लावली. तार प्रभारित आहे म्हणजे निराळंच काही. एकाच धड्यात हे दोन्ही येतात, तिथे मुलांचा गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. ‘आवेश’ हिंदीत छान रुळला आहे. मराठीत मात्र तो भाषणाला आणि लढणाऱ्याला शोभतो.

मुलीची शंका फार चांगली आहे आणि तिचं उत्तर इतिहासात आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास धन आणि ऋण ही नावं दिली. वीज म्हणजे एकच द्रव, तो जिथे जास्त ती वस्तू धन आणि जिथे कमी ती ऋण, अशी त्यांची कल्पना होती. घासलेल्या काचेवर तो जास्त साठतो असं त्यांनी धरलं. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. तेव्हा कळलं की घासताना इकडून तिकडे जाणारा कण ‘ऋण’ ठरलेल्या बाजूचा आहे. नावं तोवर पक्की झाली होती. ‘ऋण’ म्हटलं की आपल्या मनात कर्ज येतं, उणीव येते. इथे तसं काही समजू नये. ऋणप्रभारित वस्तूवर इलेक्ट्रॉन जास्तच असतात.

गणितात हे कुठे नडतं ते पाहा. धातूचे दोन सारखे छोटे गोळे आहेत, एकावर +६ मायक्रोकूलोम प्रभार, दुसऱ्यावर −२ (कूलोम हे प्रभाराचं एकक, मायक्रोकूलोम म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). ते एकमेकांना टेकवून पुन्हा पहिल्याच अंतरावर ठेवले. बेरीज चिन्हांसकट करायची: +४. गोळे सारखे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला +२. इथवर मुलं बिनचूक येतात. मग ‘काय वाहिलं?’ असं विचारलं की पहिल्या गोळ्यावरून ४ मायक्रोकूलोम धन प्रभार दुसऱ्यावर गेला, असं लिहितात. आकडा बरोबर, पण खरोखर हलले ते इलेक्ट्रॉन, आणि तेही उलट, दुसऱ्यावरून पहिल्यावर. एक मायक्रोकूलोम म्हणजे सुमारे सव्वासहा लाख कोटी इलेक्ट्रॉन, तेव्हा चारांचे झाले पंचवीस लाख कोटी. दुसरा गोळा इलेक्ट्रॉन गमावून −२ चा +२ झाला. बलाचंही बघा: आधी ६ गुणिले २, म्हणजे १२ च्या प्रमाणात आकर्षण, नंतर २ गुणिले २, म्हणजे ४ च्या प्रमाणात प्रतिकर्षण. बल एक तृतीयांश झालं आणि दिशा फिरली. उत्तरात ‘प्रतिकर्षण’ हा शब्द लिहायलाच हवा, नुसत्या आकड्याने उत्तर अर्धंच राहतं.

त्या आईंनी जाता जाता विचारलं आहे की चार्ज केलेला मोबाइल प्रभारित असतो का. नाही. बॅटरीवरचा एकूण प्रभार चार्जिंगच्या आधी शून्य आणि नंतरही शून्यच. साठते ती ऊर्जा. मात्र तिच्यावर छापलेला ५००० मिलिॲम्पिअर-तास हा आकडा खरोखर प्रभाराचा आहे. ५ ॲम्पिअर गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलोम. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत परिपथातून एवढा प्रभार वाहून जातो.