भारतातली फार्म.डी. आणि अमेरिकेतली पीजीवाय-वन रेसिडेन्सी

तुमचे प्रश्न दोन: भारतात फार्म.डी. (फार्मसीची सहा वर्षांची पदवी) करून अमेरिकेत पीजीवाय-वन रेसिडेन्सीला (पदवीनंतरचं पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण) थेट अर्ज चालतो का, आणि मॅचच्या (उमेदवार आणि हॉस्पिटल यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देणारी पद्धत) यादीत ‘नक्की मिळेल’ असं हॉस्पिटल वर टाकावं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’.

परदेशी पदवी असेल तर आधी एनएबीपीचं (अमेरिकेतल्या फार्मसी बोर्डांची संघटना) एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं: कागदपत्रांची पडताळणी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा आणि एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा. 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्यामुळे चार वर्षांचं बी.फार्म. इथेच अडकतं, सहा वर्षांची फार्म.डी. चालते. त्यापुढे राज्याच्या फार्मसी बोर्डाचे इंटर्नशिपचे तास असतात, ते राज्याप्रमाणे बदलतात. व्हिसाचं मात्र प्रत्येक प्रोग्रामला अर्जाआधीच ईमेलवर विचारा. बरेच प्रोग्राम स्पॉन्सर करत नाहीत, आणि हे मुलाखतीत कळलं तर सगळी मेहनत वाया.

अर्ज फोरकास या रेसिडेन्सी-अर्जांच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातो. शिफारसपत्र देणाऱ्याला तिथे तुमच्या गुणांचं मूल्यमापनही भरावं लागतं, म्हणून विभागप्रमुखाच्या मोठ्या नावापेक्षा वॉर्डात तुमचं काम रोज पाहिलेला प्रिसेप्टर (प्रत्यक्ष काम शिकवणारा मार्गदर्शक) निवडा. ‘मेहनती विद्यार्थी’ या दोन शब्दांपेक्षा ‘व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा डोस किडनी फंक्शन पाहून स्वतःहून बदलायला सुचवला’ हे वाक्य जास्त काम करतं. लेटर ऑफ इंटेंट (हाच प्रोग्राम का हवा हे सांगणारं पत्र) सगळीकडे एकच पाठवलं तर लगेच ओळखू येतं, आणि हॉस्पिटलचं नाव बदलायचं राहून गेलं तर विषयच संपला.

आता यादी. मॅचचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. पहिल्या पसंतीत जागा मिळाली नाही, तर दुसरीला तुमची संधी अजिबात कमी होत नाही. म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावा. पण निकाल बंधनकारक असतो, तेव्हा जिथे जायचंच नाही ते नाव यादीत नको. क्रम ठरवताना ब्रोशर बाजूला ठेवा आणि सध्याच्या रेसिडेंटना विचारा: स्टाफिंग (फार्मसीतली नेहमीची ड्युटी) दर दुसऱ्या वीकेंडला की तिसऱ्या? क्रिटिकल केअर रोटेशन सगळ्यांना मिळतं का? पहिल्या फेरीत जमलं नाही तर दुसरी फेरी असते, तिची तयारी ठेवा.

लोक खरे अडकतात ते फार्मासिस्टच्या लायसन्सवर. रेसिडेन्सी सुरू झाल्यापासून 120 दिवसांत ते हवं, म्हणजे 1 जुलैला रुजू झालात तर 29 ऑक्टोबरपर्यंत. त्यासाठीच्या नॅप्लेक्स परीक्षेत नापास झालात तर 45 दिवस थांबावं लागतं. 15 सप्टेंबरला पहिला प्रयत्न फसला की पुढची तारीख थेट 30 ऑक्टोबर, मुदतीच्या एक दिवस नंतर! राज्याच्या कायद्याची परीक्षा वेगळीच. त्यामुळे नॅप्लेक्स रुजू होण्याआधीच उरका. परीक्षेची परवानगी बोर्डाकडून यायलाही वेळ लागतो, तेव्हा बोर्डाचा अर्ज मॅचचा निकाल लागला की त्याच आठवड्यात टाका.

वर्षभराचा रिसर्च प्रोजेक्ट बहुतेकदा विषय अवाढव्य घेतल्यामुळे रखडतो. आयआरबीची (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) मंजुरी आणि आयटीकडून डेटा मिळणं, दोन्ही तुमच्या हातात नसतं. एक औषध, एक वॉर्ड, एक मोजता येणारा परिणाम एवढंच घ्या, आणि प्रोटोकॉल ऑगस्टमध्येच लिहायला घ्या.