आधी वार ठरव, मग काम

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम. तुझं लांबलचक पत्र वाचलं आणि हसू आलं. इथे अमेरिकेत एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या) चर्चमध्ये सप्टेंबरातल्या एका रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये टेबलं मांडतात, प्रत्येक टेबलावर एकेका सेवाकामासाठी नावं द्यायची यादी असते, आणि तू जवळपास सगळ्याच याद्यांवर नाव लिहून आलीस. गायनमंडळ, वेदीची निगा राखणारं आल्टर गिल्ड, गरजूंना फुकट धान्य वाटणारी पँट्री, मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, वर बागकामसुद्धा! आता एकामागून एक फोन यायला लागलेत, त्यात तुझा अभ्यास, आणि तू मला विचारतेस की मावशी, यातलं सगळ्यात उपयोगाचं काम कोणतं?

ते मला सांगता येणार नाही. मी वेगळंच सांगते. आधी वार ठरव, मग काम. तुझ्या आठवड्यातला असा एक वार शोध, जो फेब्रुवारीत गुडघाभर बर्फ असताना, सेमिस्टर अंगावर आलेलं असतानाही तुला चर्चला देता येईल. त्या वारी तिथे जे काम चालत असेल ते तुझं. बाकीच्या याद्यांवरून नाव काढायला सांग, आणि तेही स्वतः फोन करून. न सांगता गळालेलं माणूस त्यांना फार महागात पडतं, कारण तुझ्या नावावर विसंबून त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नसतं.

फेब्रुवारी मी उगाच म्हटलं नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की वाटायला एवढी माणसं येतात की कुणाच्या हाती काय द्यावं हाच प्रश्न पडतो. नाताळात तेच. जानेवारी उजाडला की हॉलमध्ये पुन्हा तीच पिकल्या केसांची चार-पाच जणं. जुलैत तर आणखी गंमत. शाळा बंद, म्हणजे मुलांचं शाळेतलं जेवण बंद, म्हणून पँट्रीची रांग वाढते. आणि नेमकी तेव्हाच आपली मंडळी सुट्टीवर समुद्राकाठी गेलेली असते.

याच फेब्रुवारीत, 13 तारखेला, एपिस्कोपल चर्च ॲब्सलम जोन्सची आठवण करतं. जन्माने गुलाम, आणि पुढे या चर्चचा पहिला कृष्णवर्णीय धर्मगुरू. 1793 साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही असा तिथल्या एका नामांकित डॉक्टरांचा समज होता, म्हणून शुश्रूषेची हाक त्यांनाच गेली. समज साफ खोटा ठरला. जोन्स आणि त्याचा सहकारी रिचर्ड ॲलन यांनी उभारलेल्या फ्री आफ्रिकन सोसायटी या मदतसंस्थेची माणसं घरोघर जाऊन आजाऱ्यांना पाणी पाजत होती, प्रेतं उचलून पुरत होती, आणि त्यातली कितीतरी स्वतःही गेली. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने लिहिलं की यांच्यापैकी काहींनी संकटाचा फायदा घेऊन पैसे उकळले. त्याला जोन्स आणि ॲलन यांनी 1794 मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिलं, आणि त्यात जमाखर्चच मांडला: किती मिळाले, शवपेट्यांना किती गेले, मजुरांना किती दिले, पदरचे किती घातले. राग त्या पुस्तिकेत आहेच, पण रागाच्या शेजारी आकडे आहेत. दानाच्या थाळीजवळ काम करायची वेळ आली तर हे ध्यानात ठेव. पैसे दोघांनी मिळून मोजायचे, दोघांनी सह्या करायच्या, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. यात कुणाचा अविश्वास नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुझ्या बाजूने बोलणारा कागद असतो, एवढंच.

आता कोण कुठे बसतं ते थोडक्यात. तुझ्या नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी असते, तशी इथे व्हेस्ट्री. वार्षिक सभेत मंडळी तिला निवडून देते. पाळकांना इथे रेक्टर म्हणतात. दोन वॉर्डन असतात. सिनियर वॉर्डन रेक्टरचा उजवा हात, आणि ज्युनियर वॉर्डनच्या नशिबी बहुतेक ठिकाणी गळकं छप्पर आणि बंद पडलेला बॉयलर. काही नवीन सुचलं तर ते उपासनेनंतरच्या कॉफी अवरमध्ये सगळ्यांसमोर मांडू नकोस. आधी त्या कामाच्या प्रमुखाशी बोल, मग रेक्टरशी. बहुतेक एपिस्कोपल मंडळ्या लहान असतात; कॉफीच्या टेबलावर निघालेला शब्द सोमवारपर्यंत सगळीकडे पोचतो आणि पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो.

आणखी एक. कुणी तुला बाजूला घेऊन घरभाड्याला किंवा विजेच्या बिलाला पैसे मागितले, तर पर्स उघडू नकोस. नाहीही म्हणू नकोस. रेक्टरकडे यासाठीच वेगळा निधी असतो. महिन्यातल्या एका रविवारच्या थाळीतले सुटे पैसे त्यात जावेत असा या चर्चचा नियमच आहे. कुणाला किती दिले हे गावभर होत नाही. मागणाऱ्याची लाज त्यात झाकली जाते, आणि पुढच्या आठवड्यात तुला बघून त्याला तोंड चुकवावं लागत नाही.

तुझा मोकळा वार शनिवार निघाला तर तू आल्टर गिल्डमध्ये जाशील. तिथे तुला पहिले काही महिने इस्त्रीच हातात मिळेल, आणि कंटाळा येईल. तरी जा. प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा) प्याला पुसलेला रुमाल थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाहीत. आधी हाताने खळबळायचा, आणि ते पहिलं पाणी नेहमीच्या मोरीत ओतायचं नाही. वेदीमागच्या खोलीत एक वेगळं कुंड असतं, त्याची नळी गटाराला न जाता सरळ मातीत उतरते. कुंड नसेल तर पाणी अंगणातल्या मातीत. मग लिपस्टिकचे डाग काढायचे, ही तर वेगळी विद्याच आहे. कापड ओलसर असतानाच इस्त्री करायची. वेदीवरचा मोठा चौकोनी रुमाल उभा तीन आणि आडवा तीन घड्यांत, आतल्या बाजूला असा दुमडायचा की नऊ चौकोन पडतात, म्हणजे भाकरीचा कण सांडला तरी आतच राहतो. हे सगळं तुला एखादी ऐंशीच्या घरातली बाई शिकवेल आणि तुझी घडी तीनदा मोडून पुन्हा करायला लावेल.

तिच्यावर चिडू नकोस. ती तरुण होती तेव्हा बायकांना या चर्चच्या राष्ट्रीय अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसता येत नव्हतं. ते 1970 मध्ये जमलं. 1974 साली फिलाडेल्फियात अकरा जणींना परवानगीची वाट न बघता धर्मगुरुपदाची दीक्षा दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि 1976 मध्ये अधिवेशनाने वाट मोकळी केली. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत वेदीच्या जवळ जायचा तिचा रस्ता या इस्त्रीतून जात होता. पहिल्या वर्षी तिथली कोणतीही पद्धत सुधारायला जाऊ नकोस. दुसऱ्या वर्षी तीच तुला विचारेल.

तुझा वार मंगळवार निघावा असं मात्र मला मनातून वाटतं, कारण मंगळवारी आमची पँट्री असते.

पँट्रीबद्दल तुझी एक कल्पना आधी दुरुस्त करते. तू लिहिलंस की कॉलेजात डबाबंद अन्नाचे डबे गोळा करायची मोहीम काढू. काढ, पण त्याबरोबर पैशांचा डबाही ठेव. पँट्रीचं बरंचसं धान्य विभागाच्या फूड बँकेतून, म्हणजे पँट्र्यांना धान्य पुरवणाऱ्या मोठ्या कोठारातून, वजनाच्या (पौंडाच्या) हिशेबाने येतं, आणि दुकानात एका डब्याला जेवढे मोजशील तेवढ्या पैशात तिथून कितीतरी जास्त मिळतं. शिवाय गोळा केलेल्या डब्यांत लोक घरचं नको असलेलं टाकतात. मुदत संपलेलं सूप आणि ऑलिव्ह निवडण्यात आमची अख्खी सकाळ जाते.

वाटायची पद्धतही बघ. पूर्वी भरलेली पिशवी हातात द्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी फळ्यांवर माल मांडतात आणि येणारा स्वतः निवडून घेतो. वेळ जास्त लागतो, पण मधुमेह असलेल्या माणसाला साखरेचा पाक घातलेले पीच घरी न्यावे लागत नाहीत, आणि छोले-तांदूळ ज्याला हवेत त्यालाच जातात. सरकारी योजनेतून आलेल्या धान्याला आणखी एक अट आहे: त्याच्या बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवायचं नाही. आपल्याकडून आलेल्या काही उत्साही मंडळींना हे टोचतं. मला ही अट पटते. बाप्तिस्म्याच्या वेळी 1979 च्या प्रार्थनापुस्तकातून आपण जे वचन देतो त्यात प्रत्येक माणसात ख्रिस्ताला शोधून त्याची सेवा करीन असं आहे. शोधायचं आपण आहे. रांगेतल्या माणसाने काही सिद्ध करून दाखवायचं नाही.

रांगेत तुला आपल्याकडचे आजी-आजोबाही दिसतील. त्यांच्याशी हिंदीत बोल, मराठी असतील तर मराठीत. चेहरे कसे खुलतात बघ. पण "तुमचा मुलगा कुठे असतो, काय करतो" हा आपला हुकमी प्रश्न तिथे विचारायचा नाही. हवापाणी, गुडघेदुखी, डाळ कोणती आवडते, एवढ्यावर भरपूर गप्पा होतात. फोटो अजिबात नको, पाठमोरेसुद्धा नकोत.

कधी न्यूयॉर्कला गेलीस तर नाइन्थ ॲव्हेन्यू आणि 28 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं होली अपॉसल्स चर्च बघून ये. 1982 पासून तिथे भुकेल्यांना दुपारचं जेवण मिळतं. 1990 मध्ये आगीत चर्चचं छप्पर गेलं. दुरुस्ती झाली, पण आतले बाक पुन्हा पक्के बसवले नाहीत. त्या मोकळ्या जागेत जेवणाची टेबलं लागली. रविवारी जिथे उपासना, तिथेच आठवड्याच्या दिवसांत पंगत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ग्रेगरी ऑफ निसा या मंडळीने 2000 साली पँट्री सुरू केली ती थेट वेदीभोवती भाजीपाला मांडून. तिथे घ्यायला आलेल्यांपैकीच अनेक जण पुढे वाटायला उभे राहिले. मला सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते. ज्या पँट्रीत वर्षानुवर्षं देणारे तेच आणि घेणारे तेच राहतात तिथे काहीतरी अडलंय असं समज. म्हणून तुझ्यासमोर कुणी म्हणालं की मी खोकी उचलू का, तर "नको नको, तुम्ही बसा" म्हणू नकोस. उचलू दे.

आजाऱ्यांच्या भेटींचं मात्र या वर्षी राहू दे. घरी प्रभुभोजन घेऊन जाणाऱ्याला शिकावं लागतं आणि बिशपचा परवाना लागतो. रविवारच्या उपासनेत आशीर्वादित झालेली भाकर आणि द्राक्षारस लहान पेटीतून घेऊन तिथूनच निघायचं. वाटेत किराणा वगैरे नाही. शक्यतो दोघांनी जायचं. काम दिसतं सोपं, पण म्हातारी माणसं तिसऱ्या भेटीनंतर खरं बोलायला लागतात, आणि ते ऐकून पोटात ठेवायची ताकद लागते. गावात स्थिर झालीस की जा. दोन भेटींनंतर तुझी इंटर्नशिप दुसऱ्या राज्यात लागली तर त्यांनी काय करायचं?

शब्बाथ शाळेच्या यादीवर नाव दिल्यावर तुला पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म आला आणि तू दुखावलीस, असं दिसतंय. "मी काय चोर आहे का" हे वाक्य दोनदा आलंय. बाळ, तो फॉर्म सगळ्यांना येतो, रेक्टरलाही सुटका नाही. मुलांबरोबर कधीही एकटं मोठं माणूस नको, दोघं हवीत. दाराला काच हवी. गाडीत मुलाला एकटं घरी सोडायचं नाही. हे नियम फार उशिरा आले आणि ते यायच्या आधी अनेक मुलांनी भोगलं. फॉर्म भर, ते ऑनलाइन प्रशिक्षण पुरं कर, आणि आपल्या नगरच्या मंडळीत असं काही आहे का ते आईला विचार.

एवढ्याशा कामाने काय होणार, असं तू शेवटी विचारलंयस. आपल्या पंडिता रमाबाई 1886 साली या देशात आल्या. त्यांची व्याख्यानं ऐकून रडणारे पुष्कळ भेटले असतील. पण 1887 च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली तिने दहा वर्षं आधार द्यायचं ठरवलं, आणि त्या भरवशावर 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. त्या असोसिएशनच्या उपाध्यक्षांत बोस्टनच्या एपिस्कोपल ट्रिनिटी चर्चचे रेक्टर फिलिप्स ब्रुक्स होते. अध्यक्ष युनिटेरियन या वेगळ्या पंथाचे होते. रमाबाईंना ती शाळा कोणत्याही एका पंथाची करायची नव्हती. गावोगावच्या बायका लहान-लहान मंडळं करून वर्षाची वर्गणी पाठवत राहिल्या. मुदत ठरलेली होती, म्हणून शाळा चालवणारीला पुढचं वर्ष दिसत होतं. तूही रेक्टरला मुदत सांग. मे महिन्यापर्यंत दर मंगळवारी, असं स्पष्ट. मे आला की थांबायचं की पुढे चालू ठेवायचं ते पुन्हा ठरव. थांबायचं ठरलं तर कुणाला तरी काम शिकवून, किल्ली हातात देऊन थांब.

तर मंगळवार जमतो का ते रविवारपर्यंत कळव. ट्रक सकाळी साडेनऊला मागच्या दाराशी येतो. बूट बंद घाल, खोकी पायावर पडतात. हातमोजे आमच्याकडे आहेत. आणि डबा आणू नकोस, काम संपल्यावर सगळे तिथेच जेवतात.

तुझी,
मावशी