साठच्या दशकातलं घड्याळ, डायल एकदम नवाकोरा: मूळचा की रंगवलेला, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: फेव्हर-ल्यूबा सी-चीफ, चावीचं, बारा हजारांना मिळतंय. विकणारा म्हणतो, डायल कंपनीचाच आहे, घड्याळ कपाटात पडून होतं म्हणून नवं दिसतं. खरं मानायचं का?

जुन्या बाजारातलं प्रत्येक चकचकीत घड्याळ कुणाच्या तरी कपाटातूनच आलेलं असतं! फेव्हर-ल्यूबा ही स्विस कंपनी मुंबईत १८६५पासून होती, त्यामुळे ही घड्याळं आपल्याकडे ढिगानं आहेत आणि त्यांचे डायल रंगवणारे हातही तितकेच. त्यामुळे चकाकी बघून काहीच ठरवू नका. डागही बघू नका, डाग पाडता येतात. मिनिटांच्या रेघा बघा.

दहापट भिंग घ्या. तासाच्या उठावदार पट्ट्यांना मागे बारीक पाय असतात आणि ते डायलच्या भोकांत बसवलेले असतात, म्हणजे पट्टीची जागा कायमची ठरलेली. रंगवणारा जुना थर उतरवतो, नवा रंग मारतो आणि मग रेघा-अक्षरं वरून छापतो. हा छाप भोकांशी तंतोतंत जुळवणं कठीण असतं. चूक दोन तऱ्हेची होते. छाप फिरला, तर बाराही पट्ट्यांपाशी रेघ एकाच दिशेला, सारखीच सरकलेली दिसते. छापाचा मध्य हलला, तर फसगत होते. समजा तो तीनच्या बाजूला सरकला. तीन आणि नऊपाशी रेघ पट्टीच्या बरोबर मध्यावर येते आणि पाहणारा खूश होतो. पण बारा आणि सहापाशी रेघ तीनच्या अंगाला गेलेली असते, शिवाय डायलच्या काठापासूनचं अंतर तीनला कमी, नऊला जास्त. म्हणून चार ठिकाणी बघा, एका ठिकाणी नाही. फोटो तिरका असेल तर फुगीर काच हीच चूक खोटी दाखवते. फोटो काच काढून, वरून सरळ घेतलेलाच मागा.

मग पट्टीचं बूड. थर उतरवताना पट्ट्या काढल्या नसतील, तर पॉलिशनं त्यांच्या धारा बोथट होतात आणि बुडाशी नव्या लॅकरचा, म्हणजे वरून मारलेल्या पारदर्शक थराचा, साचलेला कठडा दिसतो. काढून परत बसवल्या असतील, तर एखादी किंचित तिरकी असते नाहीतर कडेला गोंद दिसतो.

अक्षरं: कारखान्यात कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ पॅडनं उचलून डायलवर टेकवत. भिंगाखाली ती किंचित उठावदार आणि कडेला धारदार दिसते. रंगवलेल्यावर अक्षरांची टोकं गोल होतात, शाई फुटते. काळ्या डायलवर सोनेरी अक्षरं असतील तर आणखी सोपं. जुन्या गिल्ट पद्धतीत ती अक्षरं छापलेली नसतात, खालचं पितळच दिसत असतं, म्हणून ती काळ्या थरापेक्षा खाली असतात. वर बसलेली दिसली तर तो सोनेरी रंग आहे.

सहाखाली काठाला ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर काटे-पट्ट्यांवरचा अंधारात चमकणारा मसाला ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं, साठ वर्षांत शंभरातले चारही उरत नाहीत. टॉर्च मारल्यावर तो क्षणभर चमकून विझला तर ठीक. रात्रभर उजेड देत असेल तर मसाला नवा. मात्र ट्रिटियमच्या आधीच्या घड्याळांत रेडियम असू शकतो, तोही किरणोत्सर्गी आणि घातक. तो खरवडू नका, फुंकूही नका.

घड्याळजीकडून डायल काढून मागची बाजू बघता आली तर उत्तम. तांब्याचे दोन पाय छाटलेले आणि दुहेरी टेप लावलेली दिसली, तर तो डायल बहुधा दुसऱ्याच मशीनचा. मागे टोकदार काट्यानं ओरखडलेला नंबर रंगवणाऱ्याचा असतो, पण दुरुस्ती करणाऱ्याचाही असू शकतो. एवढ्यावर निकाल देऊ नका.

हेही सांगायला हवं की स्वस्त कंपन्यांचे मूळ डायलही कधी वाकडे छापलेले सापडतात, आणि काही डायल कंपनीनंच दुरुस्तीत बदलून दिलेले असतात. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरच बोला.

किमतीबद्दल: डायल रंगवलेला निघाला तर फक्त केस आणि मशीनचे पैसे द्या. ‘पैसे खर्चून नवा करून घेतलाय’ म्हणून जास्त मागणाऱ्याला हात जोडा. सांगून विकलेल्या रंगवलेल्या डायलबद्दल माझी तक्रार नाही, मूळचा म्हणून विकलेल्याबद्दल आहे.

आणि उद्या घरातलंच जुनं घड्याळ दुरुस्तीला दिलंत, तर ‘डायल जरा धुऊन द्या’ असं चुकूनही म्हणू नका. लॅकरला तडे गेलेले असतात, ओलावा आत शिरतो आणि कंपनीचं नाव कापसावर निघून येतं. घड्याळजी म्हणतात, गिऱ्हाईकच मागतं. मागू द्या, नाही म्हणायला काय जातं? तडकलेला, पिवळा पडलेला डायल तसाच परत द्यायचा असतो.